घाटातला जुना टेम्पो

नाशिकहून पेठेकडे जाणारा सुमारे 55 किलोमीटरांचा रस्ता सावळ घाट आणि कोटंबी घाट ओलांडून गुजरातच्या दिशेने जातो. या रस्त्याने तेल, मीठ, साखर आणि कापड पेठेच्या बाजारात पोहोचले व तेथून नागली, वरई, खुरासणी आणि आंबा नाशिकला आला. ही ने-आण करणाऱ्या वाहनांपैकी काही आजही दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहेत. टायर बसलेले, हौद्यात रिकामी पोती, काचेवर धूळ. वडील माणसे ती भंगारात देऊ देत नाहीत आणि तरुण पिढीला त्या जागेत गोदाम हवे असते. अलीकडे मात्र याच तरुणांपैकी काहींना आजोबांची गाडी पुन्हा चालू करावीशी वाटू लागली आहे.

‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की ते मुळात जर्मनीतील एका कारखान्याचे नाव होते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. 1958 मध्ये नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन टेम्पो-वेर्के या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची उभारणी केली. फिरोदिया घराणे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमलजी स्वतः वकील आणि स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले. अशा घरातून मालवाहू तीनचाकी निघावी, याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असावे. प्रथम तीनचाकी ‘हॅन्सीट’ आली, तिच्या मागून 1969 मध्ये चारचाकी ‘मॅटाडोर’. बैलगाडीपेक्षा वेगवान आणि ट्रकपेक्षा स्वस्त असे वाहन छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात आले ते या दोन गाड्यांमुळे.

त्याआधीचा मान सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्याकडे जातो. त्यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक बाहेर पडत. दोन्ही जवळजवळ एकच, फरक मुख्यतः नावाच्या पट्टीचा. आज या गाड्यांचे सुटे भाग शोधणारा कारागीर पुन्हा कुर्ल्याच्याच जुन्या सामानाच्या बाजारात जातो.

मॅटाडोरची दुरुस्ती हाती घेणाऱ्याने तिचा स्वभाव आधी ओळखावा. तिची ताकद पुढच्या चाकांना मिळते. रिकामी गाडी सपाटीवर सुरेख धावते, पण मागे पोती रचून घाट चढू लागली की भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरू लागतात. जुने चालक म्हणूनच जड माल केबिनला चिकटवून भरत. चढावर वळण घेताना याच चाकांच्या सांध्यांवर सर्वाधिक ताण येतो. त्यांवरचे रबरी बूट फाटले की आत चिखल शिरतो, ग्रीस वाहून जाते आणि गाडी वळताना कटकट आवाज करू लागते. तो आवाज ऐकूनही गाडी तशीच पुढे रेटली, तर पन्नास-शंभर रुपयांच्या रबरासाठी सबंध सांधा बदलण्याची पाळी येते.

पुढील काळातील मॅटाडोरमध्ये मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनवलेले 2.4 लिटरचे डिझेल इंजिन असे. या इंजिनाचे आयुष्य मोठे, मात्र पंप आणि नोझल स्वच्छ हवेत. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज साचतो. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी लावून चावी फिरवली की तोच गाळ थेट पंपात जातो. अशा वेळी टाकी उतरवून धुणे, नळ्या मोकळ्या करणे, फिल्टर बदलणे हे आधी, चावी त्यानंतर. नाशिककरांचे एक भाग्य असे की सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, इंजेक्टर आणि नोझल हेच काम चालते. त्यामुळे डिझेल पंपाचा जाणकार शोधायला या शहरात फार पायपीट करावी लागत नाही.

खर्चाचा क्रम हा या व्यवहारातील खरा प्रश्न आहे. बहुतेक कुटुंबे रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग दिसतो. पत्र्यावर लांबी भरून चकचकीत निळा रंग चढतो, फोटो निघतात आणि ब्रेकचे ड्रम मात्र उघडलेलेही नसतात. सावळ घाटाच्या उतारावर माल भरलेली गाडी सतत ब्रेकवर ठेवली तर ड्रम तापतात, लायनिंगची पकड जाते आणि पाय खाली जात राहतो. उभ्या गाडीत तर मास्टर सिलिंडरचे रबर सुकून कडक झालेले असते. पहिले पैसे येथे, दुसरे स्टिअरिंगच्या किंगपिनमध्ये, तिसरे चासीच्या गंजात. पेठेच्या पावसाने चासीचे जोड आतून खाल्लेले असतात, हातोडीने ठोकून पाहिल्यावाचून ते कळत नाही. रंगाला अगदी शेवटी उरले तर द्यावेत, आणि नाही उरले तरी गाडीचे काही अडत नाही.

कागदपत्रांचे काम याहून नाजूक. 2021 मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना त्यांत विशेष नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. परंतु ही सवलत व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे. हौशी श्रीमंताची मोटार तिच्यात बसते. ज्या टेम्पोने तीन पिढ्यांचे दुकान चालवले, तो बसत नाही. त्याने घामाची कमाई केली हाच त्याचा दोष ठरावा, हे विचित्र आहे. त्याला मालवाहू म्हणूनच राहावे लागते, दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचे वाढीव शुल्कही भरावे लागते. नाशिकचे परिवहन कार्यालय पेठ रस्त्यावरच आहे. तेथे जाण्यापूर्वी इंजिन आणि चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. पूर्वी कोणी परवानगीवाचून इंजिन बदलले असेल तर ते येथेच उघड होते, आणि बदलाची रीतसर नोंद झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची एकेकाळी लाटच होती. त्या गाड्यांच्या मालकांनी हे विशेष जपावे.

हौद्याचे काम सुताराचे. फाळक्यांसाठी चांगले जून सागवान किंवा ऐनाचे लाकूड घ्यावे. तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावीत. दारावरची जुनी अक्षरे खरवडण्यापूर्वी मात्र त्यांचा फोटो अवश्य काढून ठेवावा. पेढीचे नाव, गाव आणि खाली दोन-तीन आकडी दूरध्वनी क्रमांक, कधीकाळी एखाद्या पेंटरने ब्रशने रंगवलेला. नव्या रंगावर तो क्रमांक पुन्हा लिहायचा की आजचा मोबाइल, यावर काही घरांत अजून एकमत व्हायचे आहे.