सामूहिक जीवन हवे, पण शेण कोण उचलणार?

मावळात दोन-चार एकर जमीन घ्यावी, आंबेडकरी तरुणांनी तिथे एकत्र राहावे, शेती करावी, चळवळ चालवावी, ही कल्पना आपल्यात अधूनमधून निघते. भाजे येथील सद्धम्म प्रदीप केंद्रातून शिबीर करून आले की ती जास्तच जोर धरते. आमचा तिला विरोध नाही. (शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना गावाने जमीनच दिली नाही, त्यांनी तो कुठून आणायचा, हा वेगळा लेख होईल.) पण जागा बघायला निघण्याआधी नथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द ब्लाइथडेल रोमान्स' ही १८५२ ची अमेरिकन कादंबरी जरूर वाचावी.

बोस्टनजवळ १८४१ मध्ये जॉर्ज रिप्ले यांनी 'ब्रूक फार्म' नावाची वसाहत काढली. सुशिक्षितांनीही हाताने कष्ट करायचे, मालक-नोकर भेद ठेवायचा नाही, असा विचार. हॉथॉर्न तिथे काही महिने राहिले, शेण उपसले आणि निघून गेले. १८४७ पर्यंत वसाहतही संपली. त्या अनुभवावर ही कादंबरी उभी आहे.

कादंबरीत पहिल्या रात्री कवी कव्हरडेल आणि त्याचे मित्र शेतकरी सायलस फॉस्टर व घरातल्या कामकरी मुलींसोबत एका टेबलावर जेवतात. पण मातीच्या भांड्यातून चहा पिणे ही आपली मर्जी आहे, उद्या वाटले तर चांदीचे काटे-चमचे आहेतच, हे त्यांना पक्के ठाऊक असते. कव्हरडेल पुढे खरोखरच शहरातल्या हॉटेलात जाऊन राहतो. समता त्यांच्यासाठी सहल होती. फॉस्टरला परतीचे तिकीट नव्हते. आपल्या आईबापांनाही नव्हते.

झेनोबिया ही स्त्रीहक्कांवर तडाखेबंद बोलणारी बाई. तीसुद्धा पहिल्याच दिवशी सांगते की तूर्तास स्वयंपाकपाणी बायका बघतील. हे 'तूर्तास' आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांत किती वर्षे चालू आहे, ते ज्याने त्याने मोजावे.

सगळ्यात धोकादायक माणूस हॉलिंग्सवर्थ. गुन्हेगारांना सुधारण्याच्या एकाच ध्येयाने तो पछाडलेला आहे. सोबती, जमीन, स्त्रियांचे प्रेम, सगळे त्याला त्या कामाचे साहित्य वाटते. अखेर झेनोबिया पाण्यात जीव देते. असा नेता ओळखायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.

म्हणून समूहाचे स्वप्न सोडायचे का? नाही. बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये (१९४७) सामुदायिक शेती मांडली. जमीन राज्याची, कसणारे गावकरी, जात-धर्माचा भेद नाही, आणि पाणी, बियाणे, खत, अवजारे पुरवण्याची जबाबदारी राज्याची. दानशूरांच्या सदिच्छेवर त्यांनी काही सोडले नाही, संविधानातच तरतूद मागितली.

दुसरे उदाहरण संघाचे. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली गेली, म्हणजे नंतर आलेल्या राजपुत्रांना त्याला वंदन करावेच लागले. इथे समता नियमात होती, मर्जीवर नव्हती. कार्ल्याच्या चैत्याचे दार करणाऱ्या सामी सुताराचे नाव शिलालेखात आजही आहे. अर्थात कार्ल्याच्या भिक्षूंसाठी करजिक गाव दान दिले होते, म्हणजे अन्न पिकवणारे हात दुसरेच होते, हेही लपवू नये. भिक्षू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत उगाच विचारलेला नाही.

लोणावळ्याच्या डोंगरांवर आज गेटबंद वसाहती 'निसर्गात राहा' म्हणून विकल्या जातात. तिथला कचरा उचलायला सकाळी कोण चढते, ते मावळातल्या वस्त्यांना विचारा. आपली वसाहत तशी होऊ द्यायची नसेल, तर आधी सहा महिने भाड्याच्या खोलीत राहून बघा. संडास, भांडी, स्वयंपाक यांची पाळी भिंतीवर लावा, त्यात पदाधिकाऱ्यांची आणि पुरुषांची नावे सर्वांत वर घाला, दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर वाचा. सहा महिन्यांनी तो कागद भिंतीवर असेल आणि पाळला जात असेल, तर जमीन बघायला आम्हीही येतो.

जय भीम!