स्पायरल वही : दोष तारेत नाही, भोकात आहे

शाळेच्या वह्या, झेरॉक्सच्या नोट्स, दुकानातील ऑर्डर बुक, कापडाचे शेडकार्ड, सगळीकडे आता स्पायरलची बांधणी आली आहे. ती आल्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वही टेबलावर सपाट उघडते, पूर्ण उलटून एका हातात धरता येते आणि पाच मिनिटांत तयार होते. गिऱ्हाइकाला हेच हवे आहे. पण हीच वही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अर्धी होते. पहिली चार पाने जातात, मागचा पुठ्ठा लोंबकळू लागतो आणि वार्षिक परीक्षेच्या वेळी मुलाला जे धडे हवे असतात नेमके तेच वहीत नसतात. माल देणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, तार हलकी होती, पुढच्या खेपेला जाड टाकू. आमचे म्हणणे असे की तारेचा यात दोष फार थोडा आहे. तार तुटल्यामुळे निकामी झालेली वही आम्ही क्वचितच पाहिली. फाटते ते भोक.

कापडवाल्यांनी कागदाच्या धंद्यात का लुडबुड करावी, असे कोणी विचारील. पण भोक म्हणजे काय हे कापडवाल्याला चांगले कळते. शिंपी सदऱ्याला भोक पाडतो तेव्हा ते तसेच सोडत नाही, त्याला काज करतो. ताडपत्रीला दोर ओवायचा असेल तर कड दुमडून पितळी आयलेट ठोकतात. का? भोक पडले की ताण सगळा त्या कडेवर येतो, आणि उघडी कड ताण सोसत नाही. हे आमच्या बाजारातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. मग कापडाहून कितीतरी नाजूक अशा कागदाला एका ओळीत चाळीस-पंचेचाळीस भोके पाडून ती उघडी का सोडतात?

थोडा हिशेब करून पाहू. झेरॉक्सच्या दुकानात प्लॅस्टिकच्या कॉइलसाठी इंचाला ४ भोके पडतात, प्रत्येक साधारण ४ मिलिमीटर रुंद. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यातले १६ मिलिमीटर भोकात गेले, कागद उरला ९.४. म्हणजे ज्या कडेवर सगळे पान लटकायचे तिथे निम्म्याहूनही कमी कागद शिल्लक. बिलबुकात पावती सहज फाटून यावी म्हणून आपण मुद्दाम भोकांची रांग पाडून घेतो. स्पायरलमध्ये पान टिकावे म्हणून तीच रांग पाडतात! दुहेरी तारेच्या बांधणीत इंचाला ३ भोके असतात. ती तेवढीच रुंद धरली तरी १३ मिलिमीटरहून थोडा जास्त कागद उरतो. फरक लहान दिसतो, पण वर्षभराच्या वापरात तो कळतो.

दुसरी गोष्ट ताण्या-बाण्याची. कागदालाही कापडासारखी दिशा असते हे पुष्कळ लोकांना माहीत नसते. मिलमध्ये लगदा जाळीवरून वाहताना तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. परीक्षा सोपी आहे. कोरे पान घ्या आणि उभे-आडवे दोन्हीकडे फाडून पाहा. एका बाजूने चीर सरळ जाते, दुसऱ्या बाजूने वेडीवाकडी आणि जोर लावून. सरळ चिरेची ती दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी. मग भोकातून कडेकडे जाणारी चीर तंतूंना आडवी येते आणि सहज पुढे सरकत नाही. शिवाय पानही नरम वळते. पण कटाई करताना ज्या बाजूने वाया जाणारा कागद कमी त्या बाजूने शीट कापतात, दिशेचा विचार कोण करतो? कापड उलट्या दिशेने बेतले तर शिंप्याला आपण सोडतो का?

तिसरे, भोक आणि कड यांतील पट्टी. घाईत पंच केलेल्या वहीत ही पट्टी दोन-अडीच मिलिमीटरचीच राहते. ती निदान चार असावी. बहुतेक मशीनवर भोक किती आत पडावे हे फिरवून ठरवता येते, त्यासाठी जास्त पैसा लागत नाही. मात्र भोक आत नेले तर कॉइलही त्या मानाने मोठी घ्यावी लागते, नाही तर पान अडकते आणि ओढून वळवताना फाटते. साधारण नियम असा की कॉइलचा व्यास वहीच्या जाडीपेक्षा तीनेक मिलिमीटरने जास्त असावा. कॉइल लहान घेऊन दोन पैसे वाचवणारे दुकानदार गिऱ्हाइकाचे नुकसान करतात.

आणि मग कागद स्वतः. आमच्या धंद्यात कापडाचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम यावर माल ठरतो, कागदाचेही तेच माप. वहीवर बाहेर चकचकीत जाड मुखपृष्ठ आणि आत पलीकडची शाई दिसेल असा पातळ कागद, हा प्रकार बाजारात सर्रास आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि वर कोरडे व आत ओले धान्य पाहून विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस आमच्या वाचकांना ठाऊक आहे. वहीच्या कारखानदारालाही ती लागू पडते असे आम्हाला वाटते.

आता उपाय. शिवलेल्या पुस्तकाला आमचे जिल्दसाज पाठीवर कापडाची पट्टी लावतात. तेच इथे करावे. पंच करण्यापूर्वी पहिले पान, शेवटचे पान आणि दोन्ही पुठ्ठे यांच्या कडेला दोन सेंटिमीटर रुंदीची कापडी पट्टी खळीने चिकटवावी आणि मग भोके पाडावीत. फाटायला सुरुवात नेहमी याच चार ठिकाणी होते. मधली पाने एकमेकांच्या आधाराने बराच काळ तग धरतात. पट्टीसाठी भारी कापड नको. पॉवरलूमचे साधे सुती कापड चालते, पण त्याला खळ चांगली दिलेली हवी, नाही तर चिकटवताना ओल आरपार जाऊन डाग पडतात. खळीत मोरचूद घालायला विसरू नये, कसर लागत नाही. खर्चाचे म्हणाल तर २४ सेंटिमीटर उंच वहीच्या अशा २०८ पट्ट्या एका चौरस मीटरमधून निघतात, म्हणजे ५२ वह्यांचे काम झाले. कापड चौरस मीटरला ४० रुपये धरले तरी वहीमागे ७७ पैसे. मजुरी वेगळी, पण ती आपल्याच मोहल्ल्यात राहील. भिवंडी-मालेगावात कटपीस आणि कडेच्या पट्ट्या किलोवर विकल्या जातात, त्यातून हे आणखी स्वस्तात बसू शकते.

तार की प्लॅस्टिक, हा वाद आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, तरी विचारणाऱ्यांसाठी सांगतो. शाळेच्या दप्तरात प्लॅस्टिकची कॉइल बरी. ती दबली तरी परत आकारावर येते. तार एकदा चेपली की चेपली, मग पान वळत नाही. ऑफिसच्या कामाला दुहेरी तार चांगली, समोरासमोरची पाने एका रेषेत राहतात. साध्या स्पायरलमध्ये ती थोडी वर-खाली होतात, आणि दोन पानांवर पसरलेला तक्ता असेल तर आकडे चुकतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघड्या तारेला गंज चढतो, तिथे नायलॉनचा थर दिलेली तार मागावी. दुहेरी तार बंद करताना तिची जोडाची फट शेवटचे पान आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये यावी. ती पानांत आली तर पाने फटीतून निसटतात. कॉइलची दोन्ही टोके पकडीने आत वळवलीच पाहिजेत. अर्ध्या सेकंदाचे काम, पण पुष्कळ जण टाळतात. मग कॉइल फिरत फिरत बाहेर येते, आणि तारेचे टोक असेल तर मुलींच्या ओढण्यांचे धागे ओढले जातात. कापडवाल्याला हे पाहवत नाही.

उर्दू शाळांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याकडे कोणीच लक्ष देत नाही. उर्दू उजवीकडून लिहितात, बालभारतीची उर्दू पुस्तके उजवीकडून उघडतात, पण बाजारातील वही डावीकडून बांधलेली. मागच्या बाजूने सुरुवात करावी तर समासाची लाल रेघ डावीकडे येते, जिथे तिचा उपयोग नाही. वही फिरवून उलटी धरावी तर समास उजवीकडे बरोबर येतो, पण तारखेची मोकळी जागा पानाच्या तळाशी जाते आणि मुखपृष्ठ डोक्यावर उभे राहते. आमची पिढी उर्दू माध्यमात शिकली ती शिवलेल्या वह्यांवर. तिथे एवढी अडचण नव्हती, पाठ दाबून वही सपाट करता येई. स्पायरलमध्ये नवी अडचण ही की उर्दू ओळ जिथे सुरू होते तिथेच कॉइल असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचे मनगट दर ओळीच्या सुरुवातीला कॉइलवर टेकते. अक्षर बिघडते आणि मास्तर मुलाला बोलतात.

यावर आमची सूचना अशी की उर्दू शाळांसाठी स्पायरल बाजूला न घालता वरच्या कडेला घालावी, स्टेनोच्या पॅडला असते तशी. हात कुठेच अडत नाही. डावखुऱ्या मुलाचीही सोय होते. तीच वही मराठीला, तीच इंग्रजीला, तीच उर्दूला चालते, म्हणून दुकानदाराला तीन प्रकारचा साठा ठेवावा लागत नाही. फक्त रेघा मारताना पानाची मागची बाजू उलटी छापावी लागते, म्हणजे पान वर उलटल्यावर तारखेची जागा पुन्हा वरच येते. आणि समासाची रेघ दोन्हीकडे असावी. छापणाऱ्याला हे काही अवघड नाही.

दुकानदार बंधूंना मात्र एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. हिशेबासाठी स्पायरल वही वापरू नये. कायद्याला ती अमान्य आहे असे नाही. जैन हवाला प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९८ साली स्पायरल वह्यांना ‘बुक’ मानले आणि फाइलीतील सुट्या कागदांना मानले नाही, कारण सुटे कागद सहज काढता आणि बदलता येतात. अर्थात केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर जबाबदारी येत नाही, हेही त्याच निकालात आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कायदा काही म्हणो, व्यवहार असा की स्पायरलमधून एक पान ओढले आणि भोकातले कपटे झटकले की कोणाला पत्ता लागत नाही. शिवलेल्या वहीत एक पान काढले तर जुजातले त्याचे जोडीचे पान ढिले होते, चोरी बोलते. भागीदारीच्या धंद्यात याचे मोल फार आहे. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. उघड्या भोकांची वही सहा वर्षे कशी टिकेल? किर्द आणि खातेवही जिल्दसाजाकडूनच बांधून घ्यावी, पाने छापील क्रमांकाची असावीत. ऑर्डर बुक, नमुन्यांचे बुक यांना स्पायरल उत्तम. नमुन्याच्या बुकात एका बाजूला कापडाची जाडी चढते, ती स्पायरलच सोसते. कुरआन शरीफचे पारेही स्पायरलमध्ये बांधू नयेत असे आम्हाला वाटते. सुटलेले पान पायदळी पडले तर जबाबदार कोण?

आमच्या समाजात जिल्दसाजीचे हुनर पिढ्यान्‌पिढ्या आहे. झेरॉक्सच्या दुकानांमुळे या लोकांचे काम गेले, हे खरे. पण स्पायरलला कापडी पट्टी लावणे, कागदाची दिशा ओळखणे, टोक नीट वळवणे ही कामे त्यांच्याइतकी चांगली कोणाला येणार? हाताने चालणारे पंचिंग मशीन आणि खळीचे भांडे एवढ्यावर हे काम सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्यावर आला आहे. कॉइल आणि मशीनवर भरलेला कर मात्र यामुळे परत मिळत नाही, हे वही बनवणाऱ्याने भाव काढताना धरावे. तरीही पट्टीचे ७७ पैसे त्यात बसायला हरकत नसावी.

उर्दू शाळा चालवणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन एकच नमुना ठरवावा. वरून बांधणी, इंचाला किती भोके, कागदाचे वजन, दिशा पाठीला समांतर, चार ठिकाणी पट्टी, एवढे एका कागदावर लिहून द्यावे आणि पहिल्या शंभर वह्या मुलांच्या हातात देऊन पाहाव्यात. हे फेब्रुवारी-मार्चमध्ये करायला हवे. जूनमध्ये जो माल दुकानात असतो तोच घ्यावा लागतो.