बर्फाखालची बाटली

मद्याच्या बाटलीवर या पानात मजकूर यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. परंतु येथे ज्या बाटलीविषयी लिहावयाचे आहे, तिच्यातील मद्य चैनीसाठी नव्हे, तर साक्षीसाठी चाखण्यात आले. अर्नेस्ट शॅकल्टन १९०७ साली दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांनी स्कॉटलंडच्या मॅकिनले कंपनीची माल्ट व्हिस्की बरोबर घेतली होती. जानेवारी १९०९ मध्ये ध्रुव अवघ्या ९७ सागरी मैलांवर असताना ते माघारी वळले. केप रॉइड्स येथील त्यांच्या झोपडीखाली राहिलेली खोकी मात्र तेथेच बर्फात रुतून बसली. ती २०१० साली न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने बाहेर काढली. भोवतालचे पाणी दगडासारखे गोठले होते. बाटलीतील व्हिस्की तेवढी द्रवरूपच होती.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास केला पाहिजे. व्हिस्कीला वय येते ते लाकडी पिंपात. काचेत भरून बूच बसले की ते थांबते. बाटली शंभर वर्षे पडून राहिली म्हणून मद्य शंभर वर्षांनी मुरत नाही. बूच धड असेल तर ते बहुतांशी भरल्या दिवशी होते तसेच राहते. जुन्या बाटलीचे खरे मोल यातच आहे. ती त्या दिवसाचा दस्तऐवज असते.

२०११ साली तीन बाटल्या स्कॉटलंडला नेण्यात आल्या. (विमान विजय मल्ल्या यांचे होते, मॅकिनले हे नाव ज्या व्हाइट अँड मकाय कंपनीकडे आले होते, ती त्या वेळी त्यांच्या उद्योगसमूहाची होती.) बुचातून सुई घालून थोडासा नमुना काढला गेला. मिश्रणतज्ज्ञ रिचर्ड पॅटरसन यांनी तो हुंगला, चाखला; रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे पृथक्करण केले. त्या काळची व्हिस्की म्हणजे जड व धुरकट, असा जाणकारांचा ग्रह होता. ही निघाली हलकी, मृदू, फळांच्या गंधाची. धुराचा वास होता, पण पुसट. मद्यार्क ४७.३ टक्के. जव भाजताना जाळलेले पीट ऑर्कनी बेटांवरील आणि पिंपे शेरीसाठी वापरलेल्या अमेरिकन ओकची, असेही अनुमान निघाले. मूळ कृती तोवर हरवली होती. ग्लेन व्होर ही जिथले माल्ट त्यात होते ती भट्टीही १९८३ सालीच बंद पडली होती. कागदपत्रे जे सांगू शकत नव्हती ते चार थेंबांनी सांगितले.

उलट प्रकारही घडतो. २०१७ साली स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात १८७८ सालची म्हणून दिलेल्या व्हिस्कीच्या एका पेल्यासाठी पाहुण्याने सुमारे दहा हजार फ्रँक मोजले. कार्बन-परीक्षेत ती १९७० नंतरची ठरली! तो पेला ओतला गेला नसता तर ती बाटली आजही काचेच्या कपाटात मानाने मिरवत असती. लिलावात घेतलेल्या बाटल्या कुलपात ठेवणाऱ्यांच्या रसिकतेविषयी म्हणूनच आम्हांला शंका वाटते. त्यांनी विकत घेतलेली असते ती बहुधा चिठ्ठी.

शॅकल्टनच्या व्हिस्कीवरून कंपनीने नवी व्हिस्की बनवून विकली. त्यात व्यापार होताच. पण विक्रीतील वाटा ट्रस्टला दिला, हेही नमूद करावयास हवे. मूळ तीन बाटल्या २०१३ साली अंटार्क्टिकाला परत गेल्या, पुन्हा त्याच झोपडीखाली ठेवण्यासाठी.