दोघांची मैत्री की पाचांची?

एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांची मैत्री हा साहसी प्रवासाच्या वाङ्मयातील लाडका दाखला. १९३० साली माउंट केनिया, १९३४ साली ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीभोवतीच्या गिरिवलयात प्रवेश, १९३८ साली एव्हरेस्ट. वर्षानुवर्षे एकत्र भटकूनही टिलमन शिप्टनला आडनावानेच हाक मारी. या अबोल जिव्हाळ्याचे गोडवे गाणारे थकत नाहीत.

आमचा आक्षेप अबोलपणावर नाही. बोलण्यापेक्षा एकत्र चालण्यावर पुष्कळ मैत्र्या टिकतात, हे आम्हांस मान्यच आहे. आक्षेप आहे तो मोजदादीवर. १९३४ साली त्या घळीतून पाच जण आत गेले. आंगथार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा त्याच कड्यांवरून, तेच सातूचे पीठ खाऊन चालले. शिप्टनने आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिले आहे. त्यांना गाळले ते पुढच्या वाचकांनी.

का गाळले? कारण त्या तिघांना मजुरी मिळत होती. मजुरी घेणारा मित्र असू शकतो काय, हा अवघड प्रश्न टाळायचा तर 'दोघांची' कथाच सोयीची. सह्याद्रीतील भटकंतीवरच्या आपल्या लेखनातही वाटाड्या बहुधा नुसता 'गावातला मामा' होऊन उरतो.

म्हणून प्रवासवर्णन शिकवताना पहिला प्रश्न हाच असावा: ओझे कोणी वाहिले, आणि त्याचे नाव काय?