वाघ, भिंत आणि कोरा कागद

रविवारी राजूरहून पाचनईकडे निघालेल्या जीपगाड्यांत हल्ली बसायला जागा मिळत नाही. पाठीवर पिशव्या अडकवून मुंबई-पुण्याची तरुण मंडळी हरिश्चंद्रगडावर चाललेली असतात. बरे वाटते. पण उतरल्यावर कुणाला विचारावे, वर काय पाहिले, तर कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतले गार पाणी. आणि चांगदेव? "ते वाघावर बसायचे तेच ना?"

त्यांना तरी दोष कसा द्यावा? मास्तरकी केली तेव्हा मीही वाघ आणि चालती भिंतच रंगवून सांगितली. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, पण चांगदेवांना पत्रात लिहायचं काय होतं?" "ते परीक्षेला येत नाही," म्हणून मी तिला खाली बसवले.

खरे तर सारी कथा त्या प्रश्नातच आहे. चिरंजीव म्हणावे तर समोरचा ज्ञानाने थोर, तीर्थरूप म्हणावे तर वयाने पोर. म्हणून चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोराच कागद धाडला, अशी परंपरा सांगते. त्याला उत्तर गेले पासष्ट ओव्यांचे, तीच 'चांगदेव पासष्टी'. तीत कोऱ्या कागदाची थट्टा नाही. दागिना झाला म्हणून सोन्याचे सोनेपण उणे होत नाही, लाटेच्या आड पाणी लपत नाही. मग पाहणारा आणि पाहिलेले ही दोन कुठली? आणि जो स्वतःच जाणणारा, त्याला जाणायचे कोणी? देवाविषयी शब्दांनी किती बोलता येते, हा धर्मचिंतनातला जुना, अवघड प्रश्न इथे मराठीत, पत्रातून, घरगुती दाखल्यांनी मांडला आहे.

आमच्याकडच्या रतनगडावर उगम पावणारी प्रवरा खाली नेवाशाला जाते. तिथेच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये समाधी घेतली. पुढे सोळा वर्षांनी, शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ मध्ये, चांगदेवांचा 'तत्त्वसार' हरिश्चंद्रगडावर लिहिला गेला, असे अभ्यासक सांगतात. चांगदेव एक की अनेक, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. मला मोठेपणा दिसतो तो वेगळाच. सिद्धींचा एवढा डोलारा असलेला योगी परंपरेने मुक्ताबाईचा शिष्य म्हणून लक्षात ठेवला. वाघ वश करण्यापेक्षा हे कितीतरी कठीण.

आपण मात्र घरात मुलांनी देवाधर्माचे काही विचारले की एखादा चमत्कार सांगून मोकळे होतो. नाहीतर "असं विचारू नये" म्हणतो. भाविक घरांतही हेच, आणि स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांच्या घरांतही. तिथे चमत्काराऐवजी टवाळी असते, एवढाच फरक.

ती मुलगी मध्यंतरी राजूरच्या बाजारात भेटली. सोबत तिचा मुलगा होता. मी म्हटले, "बाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय." तिला प्रश्न आठवत नव्हता. मुलाने मात्र विचारले, "कुठला प्रश्न?" आम्ही तिथेच, मोटारस्टँडच्या कट्ट्यावर बसलो.