गोवळकोंड्याच्या हिरवळीवर एक फेरा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूची कित्येक मुले आज पोटापाण्यासाठी हैदराबादेस राहतात. त्यांपैकी एखादा कचेरीतील मित्रांच्या संगतीने गोल्फ खेळू लागला, की गावी त्याची थट्टा होते. काठीने चेंडू टोलवायला एवढा खर्च कशाला! आम्ही त्या थट्टेत सामील होत नाही. ज्याचे बालपण बांधाबांधाने हिंडण्यात गेले, त्याला हा चालण्याचा खेळ परका वाटू नये. बेत मात्र नीट आखावा.

आपल्याला जवळचे असे देखणे मैदान गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात आहे. जहीराबाद, संगारेड्डीमार्गे ते बिदरपासून दीडशे किलोमीटरांच्या आतच. बिदरशी त्याचे नातेही जुने. सुलतान कुली हा मूळचा बहामनी दरबाराचा सरदार. 1518 च्या सुमारास तो गोवळकोंड्यास स्वतंत्र झाला. पुढे 1656 मध्ये औरंगजेबाची चढाई झाली. बाहेरच्या उंचवट्यावरून पुन्हा तोफा डागल्या जाऊ नयेत, म्हणून तो उंचवटाच नव्या तटात घेण्यात आला. आज त्या तटाच्या आत चेंडू उडतात!

पूर्ण फेऱ्यात 18 होल, म्हणजे चेंडू घालावयाचे 18 खळगे असतात. त्यास चार तास लागतात आणि सहा-सात किलोमीटर चालणे होते. नवख्याने 9 वर थांबावे. खेळ अर्धा झाला म्हणून मान अर्धा होत नाही. पाहुण्यास प्रवेश कोणत्या दिवशी, शुल्क किती, काठ्या भाड्याने मिळतील काय, हे आधी फोनवरून विचारावे. नियमाने 14 काठ्यांपर्यंत नेता येतात. नवशिक्यास पाच-सहा पुष्कळ झाल्या. गळपट्टीचा सदरा व बंद जोडे घालावेत. उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ मागून घ्यावी.

खर्चाच्या यादीत कॅडीची मजुरी मात्र पहिल्या ओळीत लिहावी. काठ्यांची पिशवी वाहणारा, गवतात गेलेला चेंडू हुडकणारा हा माणूस त्या जमिनीचा चढउतार आपल्यापेक्षा चांगला ओळखतो. त्याला ‘अहो’ म्हणावे, त्याचा सल्ला ऐकावा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. आपल्यातीलही कित्येकांनी परगावी ओझी वाहिली आहेत, हे सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. याच तटाच्या आत ‘हाथियाँ का झाड’ नावाचा प्रचंड गोरखचिंचेचा वृक्ष आहे. त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे 27 मीटर असून, आतल्या पोकळीत चाळीस चोर दडत अशी दंतकथा सांगतात. तेथे जुन्या मशिदीही आहेत. त्या पाहण्यास येणाऱ्या बायामाणसांचा या जागेवर खेळाडूइतकाच, किंबहुना खेळाहून जुना, हक्क आहे असे आम्ही मानतो. गोल्फचा नियमही हेच सांगतो, की चेंडूच्या पल्ल्यात कोणी असेल तर काठी उचलू नये. चुकून चेंडू माणसांकडे निघालाच, तर ‘फोर!’ असे मोठ्याने ओरडावे. अशा थांबण्यासाठी वेळापत्रकात अर्धा तास राखून ठेवावा.

वडीलधारी मंडळी बरोबर असल्यास त्यांना खेळामागे फरफटवू नये. कुतुबशाही कबरी जवळच आहेत; पण खेळ आटोपेपर्यंत ऊन चढते. म्हणून आधी सावलीत शिदोरी सोडावी आणि कबरींकडे ऊन कलल्यावर जावे.