विमानाच्या मॉडेलला वॉश देताय? आधी थिनर निवडा

मिग-२१ हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ते बनत असे, म्हणून आपल्याकडे त्याचे जरा जास्तच कौतुक. त्याचे प्लॅस्टिकचे मॉडेल तुमच्या घरी कोणी जोडत असेल, तर शेवटी ‘वॉश’चा विषय निघतोच. तैलरंग थिनरमध्ये अगदी पातळ करून सांध्यांवरून फिरवायचा, खाचांत उतरू द्यायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. विमान वापरलेले दिसू लागते.

कोणता रंग घ्यावा यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात. करड्या विमानावर निव्वळ काळा भडक दिसतो; त्यात थोडा बर्न्ट अंबर मिसळला की झाले. शिसे असलेला फ्लेक व्हाइट किंवा कॅडमियमचे पिवळे-लाल रंग या कामाला लागतच नाहीत, तेव्हा आणूच नका. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरण्याची सवयही सोडा.

डॉक्टर म्हणून मला काळजी असते ती थिनरची. एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते. त्याने प्लॅस्टिक विरघळते आणि तुमचे डोके दुखते, गरगरते. मिनरल टर्पेंटाइन त्यापेक्षा सौम्य, पण वाफ त्याचीही होतेच. ‘बिनवासाचे’ घेतले तर फक्त वास कमी होतो. वाफ असतेच, नाक मात्र सावध करत नाही. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. शहाद्याच्या मे महिन्यात दारे-खिडक्या लावून एसीत हे काम करू नका. संध्याकाळी गच्चीवर किंवा ओट्यावर बसा.

घरात पाच-सहा वर्षांखालचे मूल असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक वॉश वापरा. तो लवकर वाळतो, तैलरंगासारखा निवांत पुसता येत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही. टर्पेंटाइन रॉकेलसारखेच पातळ असते. मुलाने पाणी समजून घोट घेतला, तर ते पोटापेक्षा फुप्फुसात जाऊन जास्त नुकसान करते. खोकला, धाप, ताप काही तासांनीही सुरू होऊ शकतात. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. मूल ठीक दिसत असले तरी बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. आणि थिनर पाण्याच्या बाटलीत किंवा चहाच्या कपात कधीच काढू नका. दोन-तीन चमचे पुरतात. ते धातूच्या छोट्या डबीत घ्या आणि उठताना झाकण लावा.

हाताचा रंग थिनरने धुऊ नका. त्वचा कोरडी पडते, भेगाळते. पाइनच्या टर्पेंटाइनने काहींना इसबही होतो. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तैलरंगात जवसाचे तेल असते, ते वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, मगच फेका.